मामांचा कूलर आणि हिरवी पुडी

तीर्थरूप मामांस,

तुमचा कूलर खोक्यातून उचलताना कंबर धरली, तेव्हा नमस्कार उभ्यानेच करते, वाकून केलेला समजून घ्यावा. मामींचा गुडघा कसा आहे? थायनानला अजून उकडतंय का? इकडे तैपेईत आई बरी आहे. रोज जेवताना विचारते, “माझ्या भावाला किती मार्क दिलेस?” (जणू मी तुमच्या वर्गाची बाईच.)

आता कामाचं. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाचे पंखे घडवल्यावर हा कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा कूलर तुम्ही पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने काढलात, आणि आमच्या मासिकाचा निकाल वाचल्याशिवाय दुकानदार माल ठेवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आपलं नातं ऑफिसात उघड करायचं नाही असं ठरवलं होतं. पण खोक्यावर तुम्ही ‘माझ्या लाडक्या भाचीस’ असं हातभर अक्षरांत लिहिलंत. झालं! आमचे संपादक गाओ साहेब, त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या वेनबिनला माझ्यावर पहाऱ्याला बसवलं.

कूलर देखणा आहे, यात वाद नाही. तांब्याच्या नळ्या, दाट पत्रे, दोन पंखे, आणि उंची अशी की कॅबिनेटचं झाकण लागेना. (“हा कूलर आहे की गच्चीवरची टाकी?” इति साहेब.) मोठं कॅबिनेट आणलं. प्रोसेसर पूर्ण राबवला, तरी पारा एकाहत्तरच्या वर गेला नाही, आणि आवाज म्हणाल तर वेनबिनच्या घोरण्याहून कमी. मी चेहरा कोरा ठेवला, पण आतून उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चाचणी (आमच्याकडे एकदा खरं निघालेलं कोणी खरं मानत नाही), आणि पारा पंचाण्णवला भिडून मशीन चक्क बंद पडलं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट पुसली, नवी लावली, स्क्रू पुन्हा आवळले. पुन्हा तेच झालं. साहेब म्हणाले, “नापास लिही.” मी पेन उचललं आणि सहज कॅबिनेटच्या डोक्याकडे पाहिलं. गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी आडवी झोपली होती, आदल्या दिवशी नव्हती ती! मशीनने शहाण्यासारखं वागावं, दिवा हिरवा राहावा म्हणून तैवानात आपण सगळेच मशीनवर ठेवतो तीच, पण ही उशीएवढी. मोठ्या कूलरला मोठी पुडी, असा वेनबिनचा हिशोब असणार, असं मला वाटलं.

म्हटलं, काढा ती. तर कोणी हात लावेना. साहेबांनी उष्णतेच्या शास्त्रात पदवी घेतली आहे, तेसुद्धा म्हणतात, “आणि काढल्यावर काही बिघडलं तर? मी नाही बाबा!” शेवटी मीच काढली. (मनातल्या मनात हात जोडून. मीही इथलीच.) पारा एकाहत्तर. अवघ्या ऑफिससमोर पुन्हा करून दाखवलं, पुन्हा एकाहत्तर. निकाल छापायला गेला: उत्तम, दुकानांनी जरूर ठेवावा. आईला अजून सांगितलेलं नाही, जरा तरसू दे.

तुमची भाची,
पेईछी

ता. क. पुडी कुठून आणलीस म्हणून वेनबिनला झापलं, तर तो म्हणतो, कूलरच्याच खोक्यात होती. लगेच मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, बाजारात जायच्या सगळ्या खोक्यांत तुम्ही स्वतःच्या हाताने एकेक घातली आहे. मामा! अहो, लोक ती जाळीवरच ठेवणार! माल निघायच्या आत सगळी खोकी उघडा आणि पुड्या काढा. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

दुसरा ता. क. तुमच्या कूलरला पुडी लागत नाही. हे भाची नाही, परीक्षक सांगतेय.

तिसरा ता. क. काढलेल्या पुड्या टाकू नका, इकडे पाठवा. मी पुडी उचलल्यापासून ऑफिसचा सर्व्हर रुसला आहे आणि सगळे माझ्याकडेच बघताहेत. तारीख उलटलेली नको, आणि हिरवीच.