अडकलेला हात

अहो,

पत्राला मायना काय लिहावा या विचारातच पहिला चहा थंड झाला. 'प्रिय मधुकर' असं लिहून पाहिलं. पण तुम्हाला नावाने हाक मारायला जन्मभर जीभ वळली नाही, आता हात तरी कसा वळणार? तेव्हा आपलं 'अहो'च बरं.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. लग्न झालं आणि दोघं बरोबरच बर्मिंगहॅमला आलो. मग लिहिणार कुणाला? आज लिहितेय, कारण काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. सकाळी देवळात गुरुजींनी सगळं नीट केलं. आणि संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये, दचकू नका, डिस्को झाला! तुमच्या नावाने!

आणि त्या डिस्कोपायी माझ्या मनात कितीतरी वर्षं रुतून बसलेला एक काटा निघाला. तो कुठला, ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मी कधी सांगितलंच नाही.

आपल्या घरात सोफ्याच्या आधी व्हिडिओ रेकॉर्डर आला, आठवतंय? तुम्ही फॅक्टरीतून यायचात, बूट काढायचात आणि टेप लावायचात. सगळं अमेरिकन. पोलीस चोराच्या मागे धावत धावत हमखास डिस्कोत शिरायचे. सिनेमातली पोरं चमचमत्या गोळ्याखाली नाचायची. पण तुमचा जीव जडला होता तो त्या ऑफिसच्या विनोदी मालिकेवर. त्यातला तो टकला साहेब पार्टीत डिस्को करायला उठतो, बोट वर छताकडे नेतो आणि त्याचा खांदा धरतो. हात वरच अडकतो! तरी तो बिचारा नाचतच राहतो.

तो तुकडा तुम्ही किती वेळा मागे नेऊन पाहिलात! मी पोळ्या लाटता लाटता पाहायची. तुम्ही कार्पेटवर उभे, बोट वर, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. टीव्हीत लोक खदाखदा हसताहेत आणि तुम्ही गंभीर.

एकदा मी विचारलं, "अहो, ते लोक एवढे का हसताहेत?"

तुम्ही टीव्हीवरची नजर न काढता म्हणालात, "अगं, आनंद होतोय त्यांना. नाच आवडलाय."

झालं! मला वाटलं, या माणसाला कळतच नाहीये. ही थट्टा आहे, आणि हे त्याला नाच समजून शिकताहेत.

दुसऱ्या दिवशी मी कामाला जायची त्या शाळेच्या किचनमध्ये माझ्याबरोबरच्या पॉलीनला विचारलं. बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "अगं, डिस्कोची आता सगळेच टर उडवतात. तो नाच आता फक्त हसण्यापुरता उरलाय." तुम्हाला हे सांगायचं असं ठरवून मी घरी आले. तुम्ही दारातच बोट वर करून उभे होतात. कसं सांगणार?

मग तुमच्या फॅक्टरीची ती पहिली ख्रिसमस पार्टी. तुम्ही बुल रिंगच्या मार्केटमधून पांढरी पँट आणली आणि वर मी शिवलेलं पांढरं जाकीट घातलंत. मी हिरवी कांजीवरम नेसले होते. गाणं लागलं, तुम्ही एकटेच मधोमध गेलात आणि सुरू झालात. बोट वर गेलं. हात अडकला. सगळा हॉल हसायला लागला. लोक टेबलं बडवत होते. "मॅड! मॅड!" म्हणून ओरडत होते. मधुकर या नावाचं 'मॅड' करून टाकलं होतं त्यांनी! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तुम्ही तो अडकलेला हात घेऊन टेबलाटेबलापाशी गेलात. कुणी ओढून पाहिला, कुणी लोंबकळून पाहिलं. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. केविलवाणे डोळे, हात वर. मी दात आवळून म्हणाले, "पुरे झालं. खाली घ्या तो हात." आणि तुम्ही तो झटकन खाली घेतलात. त्यावर हॉल जो काही फुटला! मला वाटलं, बायको झापते म्हणून हसताहेत.

बसमधून घरी येताना तुम्ही केवढे खूश होतात! "मजा आली ना?" म्हणालात. मी खिडकीबाहेर बघत "हो" म्हणाले.

मग काय, दरवर्षी तेच. फॅक्टरीत ख्रिसमसला, मंडळात दिवाळीला, आपल्या मंजिरीच्या शाळेच्या समर फेअरला. दरवर्षी मी तुमच्यासोबत यायची, पुढच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसायची, आणि शेवटी तुम्ही समोर आलात की तेच वाक्य म्हणायची. लोक हसायचे आणि मला तुमची कीव यायची. इतका हुशार माणूस, मशीनचं ड्रॉइंग नुसतं बघून चूक सांगणारा, आणि इथे आपलं हसं होतंय एवढं कळू नये?

तुम्ही गेलात ना, तेव्हा हॉस्पिटलमध्ये रडू आलं, पण मोकळं नाही आलं. त्या रडण्यातसुद्धा ती कीव मिसळलेली होती. जाईपर्यंत या माणसाला कळलं नाही, असंच वाटत राहिलं. नवऱ्यासाठी असं रडायला बरं वाटत नाही हो.

आणि गेल्या महिन्यात तुमची लेक काय म्हणाली, ऐका.

"आई, बाबांच्या वर्षश्राद्धाला आपण हॉल घेतलाय ना, तिथे मी बाबांचा डान्स करणार आहे. तो हात अडकणारा. डिसाइडेड."

मी म्हणाले, "अजिबात नाही."

"का पण?"

"लोक हसतील."

"हसले तर चांगली गोष्ट आहे ना? दॅट्स द होल पॉइंट, आई!"

"जिवंतपणी झालं तेवढं हसं पुष्कळ झालं त्यांचं. आता गेल्यावर तरी नको."

मंजिरीचा आवाज चढला, माझा चढला. ती रडली, मीही रडले. "तुला बाबा कधी कळलेच नाहीत," असं म्हणून ती गाडी घेऊन निघून गेली. तुमची लेक माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. दोन आठवडे फोनवर नुसतं 'जेवलीस का, औषध घेतलंस का' एवढंच.

मग मागच्या बुधवारी डेरेक आला. फॅक्टरीत तुमच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा तुमचा मित्र. आता काठी घेऊन चालतो, पण दाढी गुळगुळीत आणि टाय बांधलेला. हॉलसाठी जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी द्यायला आला होता. मी चहा आणि चिवडा दिला. तो म्हणाला, "वासंती, मंजिरी म्हणते तू नाचाला नको म्हणालीस. का?"

मी काय सांगणार? पण इतकी वर्षं कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हणाले, "डेरेक, तुम्ही सगळे त्यांना हसायचात. त्यांना ते कळायचं नाही. मला कळायचं."

तो चिवड्याचा चमचा तसाच धरून बसला. मग म्हणाला, "कळायचं नाही? कुणाला, मॅडला?"

आणि मग तो सांगायला लागला. तो इंग्लिशमध्येच बोलला, पण मला ते सगळं मराठीतच आठवतंय.

तो म्हणाला, तुम्ही नवीन होतात तेव्हा कँटीनमध्ये दोघेतिघे तुमच्या चालण्याची नक्कल करायचे. तुमच्यासारखी मान हलवायचे, तुमच्यासारखं बोलून दाखवायचे. तुम्ही डबा उचलून बाहेर पायऱ्यांवर जाऊन जेवायचात. अहो! हे मला कधी सांगितलं नाहीत? डबा तर रोज रिकामा यायचा. मी विचारायची, "कुणाबरोबर जेवलात?" तुम्ही म्हणायचात, "सगळ्यांबरोबर."

डेरेक म्हणाला, "एक दिवस मी त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसलो. तो म्हणाला, डेरेक, हे लोक हसणार तर आहेतच. मग कधी हसायचं ते मी ठरवतो."

त्या टकल्या साहेबाचा तुकडा तुम्ही त्याला करून दाखवलात. दुपारच्या सुट्टीत, स्टोअररूममध्ये, डेरेकला समोर बसवून तालीम! चेहरा जरा हलला की पुन्हा पहिल्यापासून. त्या अमेरिकन नटाचं कसब त्याच्या हातात नाही, चेहऱ्यात आहे, असं तुम्ही म्हणायचात म्हणे. आपण विनोद करतोय हे ज्याला ठाऊकच नाही असं वाटतं, तोच खरा हसवतो.

"आणि ते 'मॅड' नाव?" मी विचारलं.

"ते त्यानेच घेतलं. मधुकर तुम्हाला झेपणार नाही, म्हणाला, मॅड म्हणा."

पार्टीनंतरच्या सोमवारी नक्कल करणाऱ्यांतलाच एक जण तुमच्याकडे आला आणि हात कसा अडकवायचा ते शिकव म्हणाला. त्या दिवसापासून तुम्ही कँटीनमध्ये मधल्या टेबलावर जेवायला लागलात.

मी टेबलाची कड धरून बसले होते. डेरेक हसत म्हणाला, "पण सगळ्यात मोठा लाफ कुणाचा होता सांगू? तुझा! आम्ही सगळे हात ओढून दमायचो. मग तो तुझ्यासमोर यायचा. तू मॅजिस्ट्रेटसारखी बसलेली. काहीतरी म्हणायचीस, त्यातलं अक्षर आम्हाला कळायचं नाही, आणि हात धाडकन खाली! मॅड म्हणायचा, माझी बायको या देशातली सगळ्यात ग्रेट कॉमेडियन आहे. कधी म्हणजे कधी हसली नाही."

अहो, मी नाटकात होते! इतकी वर्षं मी नाटकात होते, आणि मलाच माहीत नव्हतं!

एकदा तरी सांगायचं होतंत! की तुम्हाला वाटलं मला माहीतच आहे? की सांगितलं असतं तर माझा चेहरा बिघडला असता, म्हणून गप्प बसलात? तसंच असणार. तुम्ही पक्के होतात. आणि तो 'अगं, आनंद होतोय त्यांना'! तीसुद्धा माझी फिरकीच होती ना? भाबडे तुम्ही नव्हतात, मी होते.

डेरेक गेला. मी दार लावलं आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. आधी तुमचा राग आला. मग पायऱ्यांवर एकट्याने डबा खाणारे तुम्ही डोळ्यांसमोर आलात आणि रडू आलं. आणि मग इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तुमचं हसं कधी झालंच नव्हतं. तुम्ही हसवत होतात. एकाच हॉलमधलं एकच हसणं, मी मात्र जन्मभर ते उलटं ऐकलं.

मंजिरीला फोन केला. म्हणाले, "नाच कर. पण एक सांगते, हसायचं नाही. चेहरा बिलकुल हलता कामा नये."

ती म्हणाली, "आई, आर यू ओके?"

"आहे. आणि मी पुढच्या खुर्चीत बसणार आहे."

काल हॉल भरला होता. मंडळातले सगळे, तुमचे फॅक्टरीतले म्हातारे, त्यांची नातवंडं. मंजिरीने तुमचं पांढरं जाकीट घातलं होतं, खांद्यात सैल होत होतं. गाणं लागलं. बोट वर गेलं. हात अडकला. अगदी तुमच्यासारखा! ती टेबलाटेबलापाशी गेली, डेरेकने काठी अडकवून हात ओढून पाहिला, लोक हसून हसून डोळे पुसत होते. मी पर्स घट्ट धरून बसले. ओठ आतून चावत होते हो, हसू येऊ नये म्हणून!

शेवटी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात वर आणि तुमचेच ते केविलवाणे डोळे. हॉल एकदम शांत. मी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. जरा थांबले. थांबायचं किती, ते तुमच्याबरोबर एवढ्या वर्षांत अंगवळणी पडलंच असणार. आणि म्हणाले, "पुरे झालं. खाली घे तो हात."

धाडकन खाली!

अहो, काय हसले लोक! ते हसणं मी पहिल्यांदा सरळ ऐकलं. त्यात कुठेही टोचणारं काही नव्हतं. मंजिरीने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आई, यू वर ब्रिलियंट." मग मात्र माझा चेहरा राहिला नाही. मी हसले, जाकिटात तोंड खुपसून हसले. जाकिटाला अजून तुमच्या केसांच्या तेलाचा वास येतो.

आज सकाळी उठले तेव्हा तुमची आठवण आली. नुसती आठवण. तिच्याबरोबर दुसरं काहीच आलं नाही. तुम्ही नाही आहात याचं दुःख आहे, ते राहील. पण ते स्वच्छ दुःख आहे, त्याच्याबरोबर राहता येईल.

तेव्हा एक वचन देते. यापुढे तुमच्यासाठी रडेन, तुमच्यावर रागवेन, मंजिरीपाशी तुमच्या खोड्या सांगेन. पण तुमची कीव पुन्हा कधी करणार नाही.

तुमचीच,
वासंती