परतीचं कारण

अण्णा, मागच्या आठवड्यात मी एक नवा कॅमेरा घेतला आणि परवा तो परत पाठवला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा यात तुम्हाला कळवण्यासारखं काही नाही. तरी कळवतो.

प्रत्येक फोटोत उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक बारीक काळी रेघ येत होती. लेन्स पुसली, कार्ड बदललं, रेघ तिथंच. ऑनलाइन घेतलेला, म्हणून विकणाऱ्यांना फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "सर, 'सदोष' टाकलंत तर तपासणी होणार, महिना जाईल. त्यापेक्षा कारण 'नको आहे' टाका ना. कुरियरचा खर्च तुमचा, पण बाकीचे पैसे चार दिवसांत." मी विचारलं, "मग कॅमेऱ्याचं काय होतं?" "पुन्हा विक्रीला जातो." "पण तो बिघडलेला आहे." "ते तुम्ही लिहिलंत तर कळणार ना, सर!" आणि ती हसली.

बी.ए. होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हा चार महिने तुम्ही मला चाकणच्या कंपनीत तुमच्या हाताखाली लावलंत, बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीवर. पहिल्याच आठवड्यात एका पेटीवर लावायच्या, नापास मालाच्या लाल टॅगवर मी 'खराब' लिहिलं. तुम्ही तो टॅग सगळ्यांसमोर वाचता. "खराब म्हणजे काय रे? नासलंय का? वास येतोय? कुठं, किती, काय झालंय ते लिही. बी.ए. ना तू?" साहेबांच्या मुलाला सगळे हसतात. मी आतल्या भागावरचा तडा मोजतो आणि पुन्हा लिहितो. पुढं तीस वर्षं बातम्या लिहिल्या त्या याच शिस्तीवर, पण हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तो माल पुरवणारा महाळुंग्याचा, दोन मशिनांचं वर्कशॉप असलेला. तो दुपारी टेंपो घेऊन आला. "अवो साहेब, एवढ्या बारी घ्या की. परत न्यायचं भाडं बी माझ्याच बोडक्यावर हाय." तुम्ही त्याला खुर्ची दिलीत. "ब्रेकचा भाग आहे, भाऊ. चहा घ्या, पण माल न्या." त्यानं चहा घेतला नाही. जाताना तुम्हाला शिव्या दिल्या, त्या तुम्ही मान खाली घालून ऐकल्यात आणि पेट्या चढवायला त्याला हात लावलात.

मी 'नको आहे' टाकलं. ताथवड्याच्या कुरियरवाल्यानं खोकं वजनावर ठेवलं. "काय आहे आत, काका?"

"कॅमेरा."

"नवाच दिसतोय. चालत नाही का?"

"चालतो."

"मग कशाला परत करताय राव! साडेआठशे होतील बघा, दिल्लीचं आहे."

मी दिले. चीड आली नाही, लाजही वाटली नाही. पावती खिशात घातली आणि घरी येऊन जेवलो. बायकोला सांगितलं, एका लेखाचे फोटो अडलेत, महिनाभर थांबणं शक्य नव्हतं. तिला ते पटलं. कुठलाही लेख अडलेला नाही, अण्णा. फक्त कुणाशी वाद घालायचा नव्हता.

हे कागद मी टेबलाच्या खणात ठेवून देईन. खोकं अजून वाटेत आहे, उद्या संध्याकाळी पोचेल. तोपर्यंत फोन करून कारण बदलता येतं, मी विचारून घेतलंय. सकाळपासून घरीच आहे. फोन केलेला नाही.