सातव्या पवनचक्कीखालचं घर

१२ मार्च, सकाळी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही असाल. माझा गुडघा कुरकुरतो, पण ते चालायचंच. बाबांचा डोळा आता छान झालाय. परवाच म्हणाले, "पलीकडच्या टेकडीवरची बकरीसुद्धा ओळखतो!"

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ऑफिसच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र पाठवतेय. वाचल्याशिवाय फाडू नकोस. राग आला की आधी कागद फाडायचा, ही तुझी प्रगतिपुस्तकापासूनची खोड आहे.

पवनचक्क्यांची फाईल आमच्याच कार्यालयात आलीय, हे तुला माहीत आहे. सोमवारी सुनावणी, मग मंजुरी. परवा कंपनीनं हॉलमध्ये मोठाले फोटो लावले, आपल्या टेकडीवर चक्क्या कशा दिसतील ते दाखवणारे. साहेब म्हणाले, "वा, झकास!" मीही मान डोलावली. मग सातव्या चक्कीच्या पायथ्याशी आपलं घर दिसलं. शेजारच्या नकाशात त्या घरावर पोकळ गोल होता. पोकळ गोल म्हणजे बंद घर. राहत्या घरापासून चक्की लांब ठेवावी लागते. बंद घराला तो नियम नाही.

आणि फोटोत त्याच बंद घराच्या दोरीवर बाबांचा निळा स्वेटर वाळत होता. मी विणलेला, एक बाही लांब झालेला.

कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं. सरळ माणूस, म्हणाला, "मोजणीला गेलो तेव्हा कुलूप होतं. मालकाचा मुलगाच म्हणाला, इथे कुणी राहत नाही." तेव्हा बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे होते. "राहू दे त्यांना महिनाभर, घाई कसली," असं तूच म्हणाला होतास. मी मूर्ख, आल्यागेल्याला सांगत होते, माझा भाऊ बापाला किती जपतो! बाबा घरी परतल्यावर कधीतरी फोटोवाला समोरच्या टेकडीवरून फोटो काढून गेला, ते तुला कळलंच नाही.

त्याच संध्याकाळी तुला फोन केला, तर काय म्हणालास? "ताई, तसंही बाबांना कुठे ऐकू येतं? चक्कीचा आवाज त्यांना काय कळणार?" आणि फोन आपटलास.

चक्क्यांशी माझं भांडण नाही. खुशाल उभ्या राहू देत, चार लोकांना काम मिळू दे. वारा काही कुणाच्या बापाचा नाही. पण घर आपल्या बापाचं आहे! सातवी चक्की खाली सरकवता येते. मग ती तुझ्या रानात बसत नाही आणि तिचं भाडं तुला मिळत नाही, एवढंच. खरं दुखणं तिथे आहे ना?

आज सकाळीच साहेबांना सगळं सांगून मी या फाईलीतून बाहेर पडले. सोमवारी मी अधिकारी म्हणून नाही, त्या घरची लेक म्हणून येणार आहे. बाबांनाही घेऊन येतेय. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, माझी जीभच रेटली नाही. धाकटा सगळ्यांसमोर बोलणार आहे, इतकंच मी त्यांना म्हणाले. एवढे हरखलेत, की तो स्वेटर धुऊन ठेवलाय.

तुझ्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी धर. तू उठून खरं सांगितलंस, तर मी तोंड उघडणार नाही, बाबांची शपथ. आणि खरं सांगायचं नसेल, तर "त्या घरात कुणी राहत नाही" हेच पुन्हा म्हण. फक्त बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हण.

अजून तरी तुझीच,
ताई