घंगाळ मालनला द्यावे

मी, सरस्वती मारुती शेलार, वय एकसष्ट, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकाविना लिहीत आहे. पोटातली गाठ दिवाळी पाहू देणार नाही, असे ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. पोट गेले, पण डोके शाबूत आहे. अंमलबजावणी माझा भाऊ काळुराम याने करावी.

१. माझी दोन खोल्यांची जागा, पोस्टातली शिल्लक आणि अंगावरचे सोने माझी एकुलती एक मुलगी मालन हिला द्यावे. तिची सहा वर्षांची मुलगी मंजुळा दिवा गावातल्या चाळीत काविळीने गेली. त्यानंतर जावयाने मालनला माझ्याकडे आणून सोडले आणि तो परत फिरकला नाही. तेव्हापासून ती गॅलरीच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून बसते. मी भरवते म्हणून चार घास खाते. मी गेल्यावर भरवणारे कोणी नाही, आणि ती माझ्यामागोमाग येईल ही एकच भीती मला आहे. जागा नावावर करून ती भीती जात नाही, म्हणून पुढचे लिहिते.

२. गॅलरीतले पितळी घंगाळ, पोचा आलेला तांब्या आणि पाट हेही मालनलाच द्यावेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा: गेली बारा वर्षे मी या भागातल्या मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालत आले. इथे इमारती भराभर उठल्या, गावाहून जोडपी आली, पण म्हाताऱ्या बायका गावीच राहिल्या. घरातली बाई गेली की पुढे काय करायचे, हे कोणाला सुधरत नसे. मग मला बोलावणे येई.

हे काम मी शोधायला गेले नव्हते. मालनचे वडील वारले तेव्हा मी बिनपगारी रजा टाकून अंथरूण धरले होते. खालच्या चाळीतल्या आवडाबाई कोळीण एक दिवस जिना चढून आल्या. "उठ गो बाय. मागल्या चालीन एक पोर गेली. आंगोल घालाला बाईमानूस नाय, माझे एकटीच्यान उचलत नाय."

मी म्हटले, "आवडाबाई, मला माझंच उठवत नाही."

"तुला कोन उठवतंय? तिला उचलाची हाय."

मी गेले. त्या मुलीच्या केसांतला गुंता मी एकेक बट धरून सोडवला. घरी येऊन न्हाले आणि ताटभर भात जेवले, वर आणखी मागून घेतला. मालन, तूच वाढला होतास. मला लाज वाटत होती, तरी जेवले.

३. इथल्या गणेशोत्सव मंडळाने 'निःस्वार्थ सेवे'बद्दल मला शाल पांघरली होती. ती काळुरामने थंडीत वापरावी, माझ्या प्रेतावर घालू नये. मी निःस्वार्थी नव्हते. ज्यांना आंघोळ घातली त्यांना त्याचा काही उपयोग झाला असेल असे मला वाटत नाही, त्या मेल्या होत्या. उपयोग मला झाला. विधवा म्हणून हळदीकुंकवाला मला कोणी विचारत नसे, या कामाला मात्र दार ठोठावून बोलावत. त्यावर मी जगले. अगदी हावरटासारखी जगले.

४. माझ्या थोरल्या जाऊबाई विमलाबाई यांच्याविषयी. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय," असे त्या चारचौघांत म्हणत. माझ्या हातचे पाणी त्या प्यायल्या नाहीत. त्यांचा गणू माझा सख्खा पुतण्या, पण त्याच्या लग्नाला 'मढी धुणारे हात मांडवात नकोत' म्हणून मला आमंत्रण नव्हते. मी ते विसरलेले नाही आणि आता विसरायला वेळही नाही. त्यांना माझ्या घरातला चमचाही देऊ नये. मात्र त्यांच्यासाठी एक आंघोळ राखून ठेवत आहे. त्यांची सून प्रेताला घाबरते. वेळ येईल तेव्हा मालनने जावे आणि त्यांची पाठ नीट चोळावी.

५. हे घंगाळ चालवले तरच जागा मिळेल, अशी अट घालता येईल का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "बाई, अट घालाल हो, पण ती पाळतेय का हे बघायला तुम्ही असणार आहात का?" म्हणून ही अट नाही, विनंती आहे.

मंजुळा गेली तेव्हा शेजारणींनी मालनला पलीकडच्या खोलीत धरून ठेवले. मी पोहोचेपर्यंत पोरीला गुंडाळले होते. आईचा हात काही तिला लागला नाही. माझ्या वेळीही बायका कळवळून म्हणतील, तिला बसू दे, तिचं काय कमी झालंय. त्यांचे ऐकू नये. उचलायला शेजारच्या रखमाबाई तेवढ्या आत असाव्यात. बाकी सगळ्यांना काळुरामने दाराबाहेर ठेवावे. आंघोळ मालननेच घालावी.

मालन, बाळा, आधी केस सोडव. पाणी सोसेल इतकेच तापव. मला ते कळणार नाही. तुझ्या हातांना कळेल.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: सरस्वती मारुती शेलार

साक्षीदार:
१. धाकू नामा कोळी (कै. आवडाबाईंचा मुलगा)
२. रखमाबाई दगडू तरे (शेजारीण)

ठिकाण: डोंबिवली
दिनांक: ९ ऑगस्ट १९९३