धुक्याला चूक समजणारा कॅमेरा

प्रिय एफीताईस,

स्कलपिन कोव्हहून धाकट्या सेल्बीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? गार्लंड भावोजींचे नवे दात तोंडात बसले, की अजून खिशातच असतात? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे काल दुपारपर्यंत होतं.

पोस्ट सांभाळणाऱ्या ड्रुसिलाला मी मार्चमध्ये लग्नाचं विचारलं. (चौपन्नाव्या वर्षी. हसू नकोस.) ती म्हणाली, "बाबांना विचार." बाबा म्हणजे लिअँडरकाका, वय एक्याऐंशी, दाट धुक्यात होडी काढणारा गावातला एकटा वाघ. आपण सगळे घरात चहा ढोसत बसतो तेव्हा हा माणूस वल्ही मारत दिसेनासा होतो आणि चार तासांनी एक कॉड घेऊन परततो. (मासा दगडासारखा गोठलेला कसा, असं विचारलं की म्हणतो, "पाणी गार होतं.") मला म्हणाला, "चर्चच्या कॅलेंडरात जूनच्या पानावर माझा धुक्यातला फोटो आण, मग पोरीचं बघू."

म्हणून मी नवा कॅमेरा घेतला. त्याच्यात फोटो आपोआप सुधारण्याची सोय आहे, आणि ताई, त्याला स्वतःची मतं आहेत. काळ्या झग्यातल्या पाद्रीबुवांना मी चर्चच्या अंधाऱ्या दारात उभं केलं, तर याने अंधार इतका उजळला की झगा राखाडी झाला आणि त्यावरचे रश्श्याचे डाग मोजता आले. (अकरा. बुवा माझ्याशी बोलत नाहीत.) धुक्यात याचं उलटं. तिथे सगळंच एका रंगाचं, त्यामुळे याला वाटतं की कॉन्ट्रास्ट कमी पडला, फोटो बिघडला. मग उजळ ते आणखी उजळ, काळं ते आणखी काळं करत सुटतो. वर्षातले दोनशे दिवस धुकं असलेल्या गावात धुक्यालाच चूक समजणारं यंत्र मी पदरच्या पैशांनी आणलं!

काका निघाला, मी धक्क्यावरून फोटो काढला. डोळ्यांना नुसतं पांढरं दिसत होतं. चष्मा घरी राहिल्यामुळे कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावरही तेच दिसलं. फोटो छापखान्याला पाठवून दिला आणि मग हौसेने टीव्हीवर मोठा करून पाहिला. माझ्या हातातला कपच खाली पडला. धुकं गायब! धक्क्यापासून वीस हातांवर खडकाला दोरीने बांधलेली होडी, होडीत थर्मास, बर्फाच्या पेटीत तयार कॉड, आणि काका शांतपणे गुलाबी बाळमोजे विणतोय. चर्चच्या जत्रेत ड्रुसिलाच्या नावावर दर वर्षी पहिलं बक्षीस मिळतं ना, तेच मोजे.

हे पान घरोघरी लागलं तर काकाचं नाक कापलं जाईल, ड्रुसिलाची अब्रू जाईल, आणि माझं लग्न तर मोडलंच समज. ताई, मला ती हवी आहे. ती नसली की हे घर खायला उठतं.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
सेल्बी

ता. क. छापखाना तुझ्याच गल्लीत आहे. शुक्रवारच्या आत जाऊन जूनचं पान कोरं पांढरं छापायला सांग. खाली लिहू दे, 'लिअँडर, दाट धुक्यात'. आपल्या गावात कुणालाही शंका येणार नाही.

ता. क. दोन. कॅमेऱ्याची ती सुधारण्याची सोय बंद कशी करतात, ते नातीला विचारून कळव. फोन करू नकोस, इथे फोनला सगळ्यांचे कान लागलेले असतात. पत्र बरं.

ता. क. तीन. एफीताई, हे अक्षर माझं, ड्रुसिलाचं. दमट हवेने पाकीट आपोआप उघडलं. बाबा कुठे बसतात ते मला कधीपासून माहीत आहे. मोज्याची टाच त्यांना वळवता येत नाही, ती मीच वळवून देते. जूनचं पान आहे तसंच छापायला सांगा. या वयात माणसाने विणायला समुद्रात जाऊ नये, चुलीपाशी बसावं. दर धुक्याला जीव टांगणीला लावून खिडकीत उभं राहणं आता मला होत नाही. बक्षिसाचं काय ते मी बघीन, आणि लग्नाचंही. सप्टेंबरातला पहिला शनिवार मी ठरवलाय, तुम्ही दोघं नक्की या. सेल्बीला मात्र इतक्यात कळवू नका. घाबरला की तो घर आवरतो.