बांधाकडच्या दोन ओळी

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही आता वीसेक वर्षं झाली, तरी हे तुलाच लिहितेय. नव्वदीतलं आपलं पलूसचं रान आठवतं. मी कृषी महाविद्यालयातून सुट्टीला आलेली, पाठीवर फवारणीचा पंप. हरभऱ्यावर घाटेअळी पडलीय आणि तू बांधाकडच्या दोन ओळींना पंप लावू देत नाहीस. "औषिद मारलेला पाला भाजीला खुडू व्हय गं?" मी म्हणते, अगं, तिथंच अळ्या वाढतात. "वाढू देत की. त्यास्नी बी प्वाट हाय." मला हसू येतं, रागही येतो. तू बाजाराला गेलीस तशी मी त्या दोन ओळीही फवारून काढल्या. दुसऱ्या दिवशी पाला खुडताना तुला वासावरून कळलं. ओटीतला सगळा पाला तू उकिरड्यावर टाकलास आणि एवढंच म्हणालीस, "लय शिकलीस गं." त्या हिवाळ्यात आपल्याकडे हरभऱ्याची भाजी झाली नाही.

पुढं दोन-तीन वर्षांत तेच औषध दुप्पट मारलं तरी अळ्या मरेनात. औषधात भेसळ असणार, असं मलाही वाटलं. मग कृषी खात्यात नोकरीला लागल्यावर एका प्रशिक्षणात परदेशातल्या नव्या कापसाबद्दल ऐकलं. त्याच्या पानातच अळीला मारणारं विष भरलेलं, तरी शेजारी थोडा साधा कापूस लावायचाच, असा तिथला नियम. का, तर एखादीच अळी ते विष पचवायची ताकद घेऊन जन्मते. बाकीच्या मेल्या की वाचलेल्यांचे पतंग आपसातच जुळतात आणि पिल्लावळ तशीच चिवट निपजते. साध्या कापसातले पतंग त्यांच्यात मिसळले, तर बहुतेक पिल्लं पुन्हा विषाला बळी पडतात. आपल्या हरभऱ्यातही हेच झालं होतं. नखाएवढा किडा, आणि थोड्याच पिढ्यांत माणसाच्या सगळ्या अकलेला पुरून उरतो! त्याला थोपवायचं तर त्याच्यासाठीच थोडं रान मोकळं सोडायचं. तुझ्या दोन ओळींनी तालुक्यातली अळी थांबली नसती, आणि तू त्या भाजीसाठीच राखल्या होत्यास, हे मला कळतं. तरी अंगावर काटा आला.

त्यानंतर लवकरच जतला एका बैठकीत मी बायकांना सांगत होते, सगळ्या रानाला औषध मारू नका, कडेच्या चार ओळी तशाच ठेवा. एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बाई, ह्ये कुटं शिकलासा?" तू तेव्हा घरी होतीस, धडधाकट होतीस. "विद्यापीठात," मी पटकन म्हणाले. तुझं नाव ओठांवर आलं होतं, आई, पण अडाणी आईचं नाव सांगायची मला लाज वाटली.