चार दिवसांच्या गोळ्या

सीपरी बाजार, झाशी
१६ सप्टेंबर २०२२

ती. अक्कास,
रामकृष्णाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून तू रागावली असशील. घरातले दोन्ही स्मार्टफोन मी बंद करून कपाटात ठेवलेत. मेघनाचं हे वर्ष पार पडेपर्यंत घरात फक्त माझा बटणांचा फोन, तोही वर्कशॉपातून बोलावणं आलं तर. तेव्हा अमरावतीहून पत्रच पाठवत जा. तुझं अक्षर बघून बरीच वर्षं झाली.

मेघनाला नीटमध्ये चारशे ब्याण्णव गुण मिळाले. आयुर्वेदाला नंबर लागू शकतो, घेऊ दे तिला, असं तुझी भावजय प्रेमला म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. सदर बाजारात एका क्लासची पालकसभा होती, तिथे कळलं की एक वर्ष ड्रॉप घेतला की सव्वाशे गुण सहज वाढतात. रोज सोळा तास अभ्यास, झोप चार तास. शाळेची पुस्तकं बारावी पास होण्यापुरती, नीटला जाडे ग्रंथ लागतात. मी सात आणलेत. तिचं बॅडमिंटन थांबवलं. तिने हूं की चूं केलं नाही, मुकाट्याने रॅकेट माळ्यावर ठेवली. पोरगी समजूतदार आहे.

आपल्या घराण्यात कारकून झाले, मास्तर झाले, डॉक्टर कोणी झालं नाही. तुझे आशीर्वाद पाठीशी असू देत.

तुझा,
रामकृष्ण


अमरावती
२ ऑक्टोबर २०२२

चि. रामकृष्ण यास,
इंदुमतीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन कपाटात ठेवलास ते एक बरं केलंस, निदान तुझं पत्र आलं. बाकी सगळं वाचून कपाळाला हात लावला. एकतीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं. माझ्या हाताखालून जी मुलं डॉक्टर झाली ती शाळेचीच पुस्तकं चार-चार वेळा वाचून झाली. प्रश्न त्यातूनच येतात. तुझे सात ग्रंथ दुकानदाराला परत दे, नाहीतर उशाला घे.

दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं. चार तास झोपून सोळा तास बसलेल्या मुलीच्या डोक्यात किती शिरत असेल ते तूच सांग. तू स्वतः वर्कशॉपात दुपारी जेवल्यावर डुलक्या घेतोस, मला प्रेमलाने सांगितलंय. आणि ड्रॉपने वर्ष मिळतं, गुण मिळत नाहीत. चुकलेले प्रश्न का चुकले हे तिच्याशी बसून कोणी बघतं का?

तिला खेळू दे. प्रेमलास आशीर्वाद. माझ्या बोलण्याचा राग मानू नकोस, आणि मानलास तरी उत्तर लिही.

तुझी,
अक्का


झाशी
११ जानेवारी २०२३

ती. आत्यास,
मेघनाचा सा. नमस्कार.

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, हसू नकोस. बाबांना न सांगता लिहिते आहे. क्लासच्या रस्त्यावर टपालपेटी आहे, तिथे टाकीन.

तुझं पत्र आईने मला लपून वाचायला दिलं. तेव्हापासून मी जाड्या पुस्तकाच्या आत शाळेचं पुस्तक ठेवून वाचते. बाबा मागून बघतात तेव्हा जाडं पुस्तकच दिसतं. टेस्टमध्ये फायदा दिसतोय.

पण एक अजीब गोष्ट होते आहे. सकाळी उठल्यावर माझे हात आपोआप उडतात, झटका बसल्यासारखे. चहाचा कप दोनदा फुटला. परवा पेन हातातून निसटून भिंतीवर गेलं. मी साडेअकराला झोपते, बाबा साडेतीनला उठवतात. ज्या दिवशी कमी झोपते त्या दिवशी जास्त होतं, हे मी वहीत लिहून पाहिलंय. बाबा म्हणतात, कमजोरी आहे. आई बदाम भिजवते. डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर बाबा म्हणाले की मेच्या पेपरनंतर जाऊ, आत्ता एक दिवस वाया घालवायचा नाही. मी विचारलं की मला डॉक्टर करायचंय तर डॉक्टरला दाखवत का नाही. तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत.

हे काय असतं, आत्या? मला भीती वाटते. माझ्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मेघना


अमरावती
१७ जानेवारी २०२३

चि. रामकृष्ण यास,
अ. उ. आशीर्वाद.

प्रेमलाकडून मला कळलं की पोरीचे हात सकाळी उडतात. हे पत्र मिळेल त्या दिवशी रजा टाक आणि तिला मेंदूच्या डॉक्टरकडे ने. नेलं नाहीस तर मी पहिल्या गाडीने तिकडे येईन आणि मीच नेईन. गुडघे दुखतात, पण येईन.

अक्का


झाशी
१२ फेब्रुवारी २०२३

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या धाकाने गेलो. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून तपासणी केली आणि फिट्सचा प्रकार सांगितला. या वयात सुरू होतो आणि झोप तुटली की उसळतो, असं ते म्हणाले. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, रोज आठ तास झोप. एवढं सांभाळलं तर मेघना तुमच्या-आमच्यासारखीच राहील, खुशाल डॉक्टर होईल, असंही म्हणाले. गोळी एक दिवसही चुकवायची नाही हे त्यांनी प्रेमलाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आठ तास! ते स्वतः कसे डॉक्टर झाले हे विसरलेले दिसतात. मी सहा तासांवर तडजोड केली आहे. हात उडणं थांबलंय हे मात्र खरं. फक्त गोळीने ती दुपारी सुस्त होते. पेपर नेमका दुपारी दोनला असतो.

कोणाला सांगू नकोस. मुलीची जात आहे.

तुझा,
रामकृष्ण


झाशी
१५ मे २०२३

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

प्रेमलाने शेजारच्या फोनवरून तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं मी लिहितो, कारण बोलता येत नाही.

सात तारखेला मेघनाला परीक्षेच्या हॉलमध्ये फिट आली. दोन तास होत आले होते. मी फाटकाबाहेर उन्हात बसलो होतो. माइकवर तिच्या वडिलांना आत बोलावलं. ती बाकांच्या मधे फरशीवर पडली होती, ओठातून रक्त येत होतं, आणि आजूबाजूची मुलं मान खाली घालून गोल काळे करत होती. त्यांचाही दोष नाही. घड्याळ चालू होतं.

तीन तारखेच्या संध्याकाळपासून मी तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पेपरला डोकं हलकं राहावं म्हणून. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी चार दिवस थांबवायला हरकत नाही म्हटलं, असं मी तिला आणि प्रेमलाला सांगितलं. मी फोन केला नव्हता. शेवटच्या दोन रात्री उजळणीसाठी तिला जागवलंही.

प्रेमलाला अजून हे ठाऊक नाही. मेघना इस्पितळातून घरी आली आहे. माझ्याशी नीट बोलते, पाणी आणून देते. तिला थोडे दिवस तुझ्याकडे पाठवतो आहे. तिला काही सांगू नकोस.

रामकृष्ण


अमरावती
२० ऑगस्ट २०२३

ती. बाबांस,
मेघनाचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तिसऱ्या प्रयत्नात हमखास लागतं असं क्लासवाले म्हणतात, तेव्हा मी परत यावं, असं तुम्ही लिहिलंय. मी येणार नाही. इथल्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं आहे.

इकडे येण्याआधी मी आईबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. तुम्ही थांबवायला सांगितलं म्हणून फिट आली, असं मी त्यांना रागाने म्हटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांना कुणाचा फोन आलाच नव्हता. एका भल्या माणसासमोर मी खोटी पडले. आईनेही ते ऐकलं. तिने तुम्हाला विचारलं का ते मला माहीत नाही. आत्याने मला काही सांगितलेलं नाही, तिच्यावर रागावू नका.

दुसरी गोष्ट, ती तुम्हाला माहीत असायला हवी. आत्याने माझ्या उत्तरपत्रिकेची प्रत काढली आणि आम्ही दोघींनी ती उत्तरसूचीशी ताडून पाहिली. मी आधी जीवशास्त्र घेतलं होतं. नव्वदपैकी सत्त्याऐंशी बरोबर. रसायनाचे एकवीस लिहिले होते, त्यातले वीस बरोबर. फिजिक्सला पोचलेच नाही. हे सगळं शाळेच्या पुस्तकातून, बाबा, आणि त्या सहा तासांच्या झोपेवर. मला येत होतं.

तुमचा वाईट हेतू नव्हता हे मला समजतं. पण घरी आले तर जेवणानंतर गोळी हातात घेऊन मी आधी तुमच्याकडे बघेन, आणि असं बघायची मला इच्छा नाही.

आईला पाठवा दिवाळीला. तब्येत सांभाळा.

तुमची,
मेघना


झाशी
९ सप्टेंबर २०२३

चि. मेघना हीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा लिहून फाडलं. तू लिहिलेलं सगळं खरं आहे. तुझ्या आईने मला काही विचारलं नाही. माझं ताट वाढते आणि आतल्या खोलीत जाऊन जेवते. दिवाळीला ती तुझ्याकडे येईल, आणि तिला राहावंसं वाटलं तर मी परत बोलावणार नाही.

आमच्या वर्कशॉपातल्या तिवारीजींची मुलगी आता ड्रॉप घेते आहे. तुझं काय झालं हे त्यांना माहीत नाही, फक्त आजारी पडलीस एवढंच ऐकलंय. परवा ते माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, भाईसाहब, तुम्ही दोन वर्षं या वाटेवर होता, आम्हाला काही सांगा. मी म्हटलं, तिला आठ तास झोपू द्या, शाळेची पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचू द्या, संध्याकाळी खेळायला सोडा, आणि दुखलं-खुपलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. बाकी काही नाही.

तिवारीजी हसले, खुर्ची जागेवर ठेवली आणि गेले. दुपारी चहाच्या टपरीवर ते दुसऱ्या एकाला सांगताना मी ऐकलं, की ह्यांच्या मुलीचं झालं नाही ना, म्हणून आता खरी तरकीब कोणाला सांगत नाहीत.

गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
बाबा